दारामागचा अंगठा

कर्णिकबाई कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी उदबत्ती लावायच्या. भक्तिभाव वगैरे काही नाही हां. देवाशी त्यांचं पटत नव्हतं, आणि माणसांशी तर त्याहून नव्हतं. पर्समध्ये उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी कायम असायची. खोलीच्या मधोमध उभं राहायचं, उदबत्ती पेटवायची आणि धूर कुठं जातो ते बघायचं. धूर खिडकीकडं गेला तर बाई काही बोलायच्या नाहीत. जागच्या जागी घुटमळला, की समोरच्याची काही खैर नसायची.

भाईंदर स्टेशनजवळच्या एका लॉजच्या मालकानं त्यांना बोलावलं होतं. गिऱ्हाईकं तक्रार करतात, सकाळी उठल्यावर डोकं जड होतं म्हणतात, जरा बघा. मला बाईंकडं नोकरीला लागून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. बाईंनी उदबत्ती लावली, तसं त्या माणसानं चपला काढल्या, डोक्यावर रुमाल टाकला आणि हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं, वास्तुशांतीतला काहीतरी प्रकार असेल. बाईंनी त्याला सांगितलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर डोळ्यांनीच दटावलं. अख्खी उदबत्ती जळेपर्यंत त्याला तसाच उभा ठेवला आणि मग म्हणाल्या, "नमस्कार झाला असेल तर ऐका. धूर हललेला नाही. काल जो झोपून गेला त्याचा श्वास आजच्या गिऱ्हाइकाला पुन्हा घ्यावा लागतोय. उद्या तुम्ही स्वतः इथं झोपा, मग मला फोन करा." त्या माणसाचा चेहरा आठवला की मला अजून कसंतरी होतं. पण पत्रे ठोकून बंद केलेले झरोके त्यानं महिन्याभरात उघडले, हेही खरंच.

बाई आर्किटेक्ट होत्या. मिरा रोडला सिल्व्हर पार्कात तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये पुढं ऑफिस, मागच्या खोलीत त्या एकट्या. साठीचं वय, बारीक कापलेले केस, खादीचा कुडता, आणि उजवा तळहात सदानकदा कुठल्यातरी भिंतीवर. हॉटेलं आणि रिसॉर्टं बांधणारे लोक माणसाला चार दिवसांचं सुख विकतात आणि वर खोकला बांधून देतात, असं त्यांचं म्हणणं. आपल्या जुन्या लोकांकडं एसी नव्हता. पण उंच जोतं, जाड दगडी भिंत, चुन्याचा गिलावा, पश्चिमेला लहान खिडक्या आणि कौलाखाली गरम हवा निघायला फट, एवढ्यावर खाऱ्या वाऱ्यातली घरं पिढ्यानपिढ्या कोरडी राहिली. पर्यटकांसाठी बांधायचं तर तसंच बांधा, नाहीतर बांधूच नका. हे सांगताना त्या कुणाचाही पाणउतारा करायला मागंपुढं पाहत नसत.

माझी मुलाखत मी विसरणं शक्य नाही. सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन गेले होते, फाइल छातीशी धरून. फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. घरात कोण खोकतं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, आई. केबिन रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांचा नकाशा काढायला लावला. मी काढला. आईचा पलंग कुठं, ते दाखवायला लावलं. मग लाल पेन्सिलनं त्या पलंगावर फुली मारून म्हणाल्या, मोरीची भिंत आहे ही, ओल हिच्यातून येते. पलंग इथं कुणी लावला? पलंग मीच लावला होता, टीव्ही नीट दिसावा म्हणून. बाई शांतपणे म्हणाल्या, म्हणजे आईला तूच आजारी पाडलंयस. सोमवारपासून ये.

रस्ताभर रडत घरी गेले आणि गेल्या गेल्या पलंग हलवला. महिन्याभरात आईचा खोकला उतरला. बाईंच्या जाचापायी चार वेळा राजीनामा लिहिला मी, चारही वेळा फाडला, त्याला कारण तो खोकला. बाई वाईट वागायच्या आणि बरोबर निघायच्या. अशा माणसापुढं करायचं काय?

माझं नाव सुजाता आहे. बाईंनी ते कधी घेतलं नाही. मी 'डिप्लोमा'. चहा आणणाऱ्यालाही त्यांनी तेच शिकवलं होतं. एकदा एका जुन्या क्लायंटच्या नातवाचं बारसं होतं. मला बरोबर घेऊन गेल्या. पाळण्याजवळ गेल्या, भिंतीला तळहात लावला आणि सगळ्या बायकांसमोर बाळंतिणीला म्हणाल्या, हे मूल वर्षभरात दमेकरी होईल, आईला पाळणा कुठं टांगायचा तेवढंही कळत नाही. ती पोर ढसाढसा रडायला लागली. बाईंनी पानातली जिलेबी संपवली, हात धुतले आणि निघाल्या. लोक मला विचारतात, त्यामागं काहीतरी दुःख असेल गं, कुणी जवळचं गेलं असेल. नव्हतं हो. मी पण शोधलं. काही माणसं तशीच असतात.

मग किनाऱ्यावरच्या उत्तन गावचं काम आलं. मालक जगदीशशेठ, आजोबांची मिठागरं होती, बापानं भातशेती केली, आणि यांना समुद्रावर बारा खोल्यांचं पर्यटक निवास काढायचं होतं. मुंबईच्या धुराधुळीतून लोक यावेत, चार दिवस स्वच्छ हवेत राहून बरे होऊन जावेत. कल्पना चांगली. फक्त त्यांना समुद्राकडं अख्खी काचेची भिंत हवी होती. बाईंनी वाद घातला नाही. शेठच्याच गाडीत बसून बोलू म्हणाल्या. गाडी एप्रिलच्या उन्हात उभी. काचा वर, एसी बंद, किल्ली बाईंच्या मुठीत. शेठ पुढं, बाई मागं. बाई स्वतः घामानं निथळत होत्या, पण संथपणे भिंतींच्या जाडीबद्दल बोलत राहिल्या. पंधराव्या मिनिटाला शेठ दार उघडून बाहेर पडले आणि चाकापाशी मटकन बसले. बाई म्हणाल्या, काचेच्या खोलीत दुपारी तीन वाजता तुमचं गिऱ्हाईक असं बसेल. लहान खिडक्यांच्या नकाशावर शेठनी त्याच दिवशी सही केली.

चुन्याचं काम करणारा माणूस आमच्याकडं नव्हता. उत्तनमध्येच मिळाला, बस्त्यावबाबा. सत्तरी उलटलेला, काळाभोर, गळ्यात क्रूस, दाताचा पत्ता नाही. त्याच्या बापानं आणि आज्यानं तिथल्या चर्चच्या भिंतींना चुना लावलेला. हा घराण्यातला शेवटचा, मुलगा गल्फमध्ये. कळीचा चुना त्यानं खड्ड्यात भिजवला आणि पावसाळाभर मुरत ठेवला. मग त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. तयार झाला की नाही हे बघायला थापीवर गोळा घ्यायचा आणि थापी उलटी धरायची. गोळा पडला तर अजून दम खा. जगदीशशेठ घाई करायला आले की बाबा थापी त्यांच्या डोक्यावर उलटी धरायचा. शेठ आपोआप दोन पावलं मागं सरकायचे.

आणि बाई! जन्मात कुणाला चांगलं न म्हटलेली ही बाई त्याला 'बाबा' म्हणायची, 'अहो' म्हणायची. जेवणाच्या सुट्टीत दोघं ओट्यावर बसायची, तो भाकरीबरोबर सुका बोंबील खायचा आणि बाई त्याला चुन्याबद्दल विचारत राहायच्या. तो चक्क त्यांना रागवायचा. एकदा ओल्या भिंतीला हात लावला तर थापीच्या दांड्यानं मनगटावर टोला दिला. बाईंनी निमूट हात मागं घेतला. आम्ही सगळे काम सोडून बघत होतो.

त्याच्या घराण्याचा एक रिवाज होता. खोलीच्या भिंती घोटून गुळगुळीत झाल्या की दारामागं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ओल्या चुन्यात उजवा अंगठा दाबायचा. दार उघडलं की झाकला जातो, केर काढणाऱ्या बाईशिवाय कुणाला दिसत नाही. मी विचारलं, नाव का नाही लिहीत? तो म्हणाला, नाव मिरवायला असतं. अंगठा कशाला, तर उद्या भिंतीनं दगा दिला की कुणाला बोलवायचं ते कळावं.

सहा खोल्यांत सहा अंगठे झाले. सातवी अर्धी होती तेव्हा बाबाच्या भाचीचं लग्न निघालं. उत्तनमधलं लग्न म्हणजे चार-पाच दिवस घरचं माणूस हलत नाही. बाबा जाताना बजावून गेला, सातवीच्या मागच्या भिंतीला मी येईपर्यंत हात लावू नका, हवा दमट हाय, सुकायला वेळ घेल. बाई पुण्याला गेल्या होत्या. आणि जगदीशशेठनी उद्घाटनाला कोणातरी मोठ्या माणसाची तारीख घेऊन ठेवली होती. दिवसाला दहा फोन. शेवटी म्हणाले, जमत नसेल तर बाईंना सांगतो की तुमच्या डिप्लोमाला साइट झेपत नाही.

बाईंच्या कानावर ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. मजूर वाट बघत उभे होते. त्यातलाच एक म्हणाला, मॅडम, थोडा सिमेंट मारेंगे तो कल तक पकड लेगा. त्यांना चहाला पाठवलं. मागच्या ओट्याच्या कामाला आणलेलं सिमेंटचं पोतं उघडं होतं. बाबानं तयार करून ठेवलेल्या चुन्यात माझ्या हातानं मी सिमेंट ओतलं, माझ्या हातानं कालवलं. मजुरांनी परत येऊन तोच मागच्या भिंतीला थापला. भिंत दुसऱ्या दिवशी कडक. इतकं सोपं होतं.

बाबा परत आला, वरचा पातळ हात त्यानं मारला, घोटला. मग बोटाच्या पेरानं भिंत ठोकून बघितली. पुन्हा ठोकली. कान लावला. माझ्याकडं वळून म्हणाला, "पोरी, हिचा आवाज येगला हाय. का माझंच कान गेलं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं ते. मी काय म्हटलं असेल? मी हसून म्हटलं, "वय झालं बाबा आता तुमचं."

तो पण हसला. दारामागं अंगठा दाबला आणि आठवीत गेला.

आठवी पूर्ण व्हायच्या आतच त्या भिंतीला घाम फुटला. बाकी सहा खोल्या कोरड्या ठणठणीत, आणि सातवीत शिरलं की न वाळलेल्या कपड्यांचा वास. दगडातली ओल बाहेर पडायला वाट नव्हती, सिमेंटनं ती अडवून धरलेली. बाईंनी उदबत्ती लावली नाहीच. तळहात लावला, नाक जवळ नेलं, पर्समधून किल्ली काढली आणि खरवडलं. पांढऱ्याच्या आत करडं दिसलं.

सगळ्यांना बोलावलं. मजूर, जगदीशशेठ, मी. आणि बाबाला विचारलं, सिमेंट घातलंत? तो म्हणाला, न्हाय. बाई म्हणाल्या, मग भिंत खोटं बोलते का? छिन्नी-हातोडी त्याच्या हातात दिली आणि भिंत फोडायला लावली. त्यालाच. मजूर पुढं झाले तर त्यांना थांबवलं. म्हातारा अर्धा तास फोडत होता, आम्ही उभे. एक ढेकूळ त्यानं उचललं, फोडलं, जिभेला लावलं. माझ्याकडं त्यानं एकदासुद्धा बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. ते खोटं आहे.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्याच हातून झाला आसल, बाय. मना आठवत न्हाय."

बाई म्हणाल्या, "ज्याला आपली भिंत आठवत नाही त्याचा अंगठा मला नको. उद्यापासून येऊ नका." आणि मला सांगितलं, सहाही खोल्यांतले अंगठे बुजव. आत्ता. यांच्यासमोर.

मी चुना घेतला. पहिल्या खोलीत दारामागं बसले. चुना धरेना, सारखा गळून पडत होता. बाबा मागं उभा होता. तो वाकला आणि म्हणाला, "आधी पाणी मार पोरी. कोरड्यावर धरणार न्हाय." त्यानं सांगितल्याप्रमाणं पाणी मारलं आणि त्याचा अंगठा बुजवला. मग दुसरा. सहाव्या खोलीपर्यंत तो माझ्याबरोबर आला. मग पिशवीत थापी टाकून निघून गेला.

सातवी खोली बाईंनी माझ्याकडून करून घेतली. पंधरा दिवस माझ्या मागं खुर्ची टाकून बसल्या. तीन वेळा सगळा गिलावा पाडायला लावला. हाताची साल निघाली तरी सुट्टी नाही. चौथ्यांदा भिंत मनासारखी उतरली, घोटून झाली, आरशासारखी. बाई उठल्या, माझं मनगट पकडलं, दारामागं नेलं आणि माझा उजवा अंगठा ओल्या चुन्यात दाबून धरला. बराच वेळ. चुना पोळतो, कातडी जळाली. "तुझी भिंत," एवढंच म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. घरी आईला जळका अंगठा दाखवला मी.

उरलेल्या खोल्या मी केल्या. निवास सुरू झालं आणि चांगलं चाललं. दम्याची माणसं येतात, पहिल्याच रात्री गाढ झोप लागली म्हणून सांगतात. अंधेरीहून एक आजी येतात, दर वर्षी सातवी खोलीच मागतात. लोक मला विचारतात, चुन्याचं काम तुम्ही कुठं शिकलात?

बाबानं पुन्हा थापी धरली नाही. चर्चच्या कंपाउंडची भिंत पुन्हा चुन्यानं लिंपायची होती, त्याच्या आज्यानं बांधलेली. फादर स्वतः घरी गेले. बाबा म्हणाला, माझ्या हाताचा भरोसा न्हाय, भिंत वाया जाईल. नाताळच्या आधी मी सांगायचंच म्हणून गेले होते. बसमध्ये वाक्य जुळवत गेले. सुनेनं चहा दिला. बाबा दारात खुर्चीवर बसला होता, आणि त्यानंच मला समजावलं, की असं होतं म्हातारपणी, हात करतो आणि डोकं विसरतं, तू मनाला लावून घेऊ नको. तू शिकलीस ना, झालं मग. मी चहा पिऊन परत आले. ईस्टर झाल्यावर तो गेला.

मातीला बाई आल्या होत्या. शवपेटीकडं फारसं बघितलं नाही त्यांनी. चर्चच्या भिंतीला तळहात लावून उभ्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, चुना त्याच्या आज्याचा आहे, बघ, किती कोरडी आहे. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. ज्या माणसाला हिनं संपवलं त्याच्या मातीला येऊन ही भिंत तपासतेय. आणि स्वतःचा राग करण्यापेक्षा तिचा करणं मला फार सोयीचं होतं, हे मला आता कळतं.

गेल्या वर्षी बाईंनी ऑफिस बंद केलं. गुडघे गेले होते, नाशिकला बहिणीकडं जायचं ठरलं होतं. मी शेवटचे नकाशे घ्यायला सिल्व्हर पार्कात गेले. खोली रिकामी झाली होती, नुसती एक खुर्ची आणि बाई. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं. सातव्या खोलीत सिमेंट मी घातलं होतं. बाबांनी नाही, मी.

बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याच दिवशी कळलं. बस्त्यावनं घातलं असतं तर नीट कालवलं असतं. त्यात गोळे होते. घाबरलेल्या माणसाचं कालवणं."

मी विचारलं, मग त्यांना का काढलंत? बाई म्हणाल्या, त्याचे हात फार तर दोन वर्षं चालले असते. तुझे तीस वर्षं चालतील. चुना कुणाच्या तरी हातात राहायला हवा होता, आणि तू धाकाशिवाय शिकणारी नव्हतीस. त्यानंतर तुझ्या एका तरी भिंतीला घाम फुटला?

नव्हता फुटला. एकाही नाही.

"त्यांना तरी सांगायचं होतंत," मी म्हटलं. "खरं न कळताच गेले ते."

"मी कशाला सांगू? दारामागं अंगठा कुणाचा लावला होता मी?"

पर्समधून त्यांनी पुडा काढला. शेवटचीच उदबत्ती असावी. पेटवली, रिकाम्या खोलीच्या मधोमध हात लांब धरून बसल्या. मी नकाशांची गुंडाळी घेऊन दारात थांबले. वाटत होतं, काहीतरी बोलतील. लॉजवाल्याला बोलल्या, त्या बाळंतिणीला बोलल्या, तसं मला पण काहीतरी बोलतील. ते ऐकायला मी थांबले होते. धूर सरळ खिडकीकडं गेला, आणि बाई काही बोलल्या नाहीत.